बाहेर बसवलेली मुलगी

मनिषाबाईंना गोंगाटाची भारी चीड, आणि नेमणूक झाली नारपोलीच्या शाळेत. भिंतीला लागूनच दिवसभर खडखडणारा पॉवरलूमचा कारखाना! पहिल्याच दिवशी बाईंनी तिसरीच्या वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या, त्या पुन्हा उघडल्या नाहीत. त्या शांततेत पोरं भराभर वाचायला शिकली. एक रुचिका सोडून. तिला उभं केलं की ती पुस्तकात डोकं घालून मुकी. बाईंनी गोडीनं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी एका संध्याकाळी बाई तिच्या घरी गेल्या. घरही लूमला चिकटलेलंच. ओट्यावर बसून रुचिका वाचत होती; खडखडाटात बाई अगदी जवळ गेल्या तेव्हा ऐकू आलं, मोठ्यांदा, न अडखळता. बाई चाटच पडल्या.

“अगं, मग वर्गात काय होतं तुला?”

“वर्गात सगळी ऐकतात ना, बाई. चुकलं का हसतात,” रुचिका म्हणाली. “हितं चुकलं तरी कुनाला ऐकू येत न्हाय.”

बाईंना स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून वाचनाच्या तासाला बाकीची पोरं आत जोडीजोडीनं वाचू लागली आणि रुचिकाचं बस्तान व्हरांड्यात, लूमच्या बाजूला. बाई शेजारी कान देऊन बसायच्या. आठवड्याभरात पोरीनं चार धडे संपवले.

पण वर्गाबाहेर बसवणं म्हणजे शिक्षा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुणीतरी तिच्या बापाच्या कानावर घातलं. वाचनाच्या तासालाच केसरीनाथ तणतणत आला.

“बाई, माज्या पोरीला रोज भायेर बसवता? येत नसंल तिला, पन आमाला काय इज्जत हाय का न्हाय? दाखला द्या, घेऊन जातो तिला.”

आता कुठं पोरगी बोलती झाली होती, आणि हा तिला घेऊन चालला!

“देते दाखला,” त्या म्हणाल्या. “आधी जरा तिच्या शेजारी बसा, दादा.”

तो धुसफुसत बसला. खडखडाटात काही ऐकू येईना, म्हणून त्यानं कान लेकीच्या तोंडाशी नेला. रुचिका वाचत होती, वाचतच राहिली. तिसरं पान त्यानंच उलटलं.

धडा संपला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू.

“मी पन वर्गात तोंड उघडलंच न्हाय कवा, बाई. मास्तर म्हनाले, ह्याला काय येत न्हाय. चौथीतच शाळा सुटली.” तो लेकीकडे बघत राहिला. “मला समदं येत व्हतं.”