वर दिलेल्या सुऱ्या

ऑक्टोबर उजाडला की मेलबर्नच्या फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, क्लबांत माणसांविषयी बोलायची भाषा पालटते. सप्टेंबरपर्यंत जी ‘आमची पोरं’ असतात, ती एकाएकी ‘साठा’ होतात, ‘जागा’ होतात, ‘लवचीकता’ होतात. आणि शेवटच्या सामन्यानंतर ज्यांच्या गळ्यात पडून अध्यक्ष रडलेले असतात, त्यांच्याच गुडघ्यांचे एक्स-रे उजेडात धरून भाव पाडला जातो.

हॉब्सन क्लबात खेळाडूंच्या यादीचं काम पाहणाऱ्या नेरिडा ट्रेगेन्झाला या भाषेचा धक्का बसत नसे. विद्यापीठाने ‘पुनर्रचना’ या गोंडस नावाखाली प्राचीन इतिहासाचा विभाग बंद करेपर्यंत ती तिथे रोमन बाजाराचा कायदा शिकवत होती. गुलाम विकणाऱ्याने त्याचे आजार, त्याच्या खोडी, पळून जायची सवय, हे सगळं गिऱ्हाइकाला आधी सांगितलं पाहिजे, असं तो कायदा म्हणे. लपवलं तर माल परत. हिवाळ्यात पोरांच्या सामन्यांना वही घेऊन बसायचा तिचा छंद पुढे नोकरी झाला, आणि पहिल्याच ऑक्टोबरात तिच्या लक्षात आलं की दोन हजार वर्षांत माणुसकी नेमकी एक पायरी चढली आहे: करार शिल्लक असेल तर ज्याचा सौदा व्हायचा, त्याचीही आता सही लागते. आजार सांगायचं बंधन मात्र खरेदीदारापुरतंच राहिलं होतं. खुद्द मालाला काही सांगावं, असं कुठल्याच नियमात नव्हतं.

या ऑक्टोबरात खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी ती नेमकी एका सहीसाठी अडली होती.

पर्थच्या क्लबाकडचा एक धिप्पाड आघाडीवीर मेलबर्नला परतू पाहत होता. दरवर्षी क्लब पाळीपाळीने नवी पोरं निवडतात; हॉब्सनने त्याच्या बदल्यात त्या निवडीतली आपली पहिली पाळी देऊ केली. पर्थवाले म्हणाले, वर काहीतरी घाला. वर घालण्यासारखी दोन नाणी होती. एक, पुढच्या वर्षीची दुसऱ्या फेरीची पाळी. दुसरं, फर्गस मल्केही. पुढच्या वर्षी उंच पोरांचं पीक दांडगं येणार, हे नेरिडाला ठाऊक होतं. म्हणून अजून शाळेच्या गणवेशात फिरणाऱ्या, जिचं नावही कोणाला सांगता आलं नसतं अशा एका संभाव्य उंचीसाठी तिने पाळी राखली आणि नऊ वर्षं क्लबात असलेला बचावपटू फर्गस पुढे सरकवला. तर्क निर्दोष होता. त्याचा तिला थोडा अभिमानही होता.

अशा वर घातलेल्या खेळाडूला इथे ‘सुऱ्या’ म्हणतात. टीव्हीवरच्या जुन्या जाहिरातींत कढई घेतली की मांस कापायच्या सुऱ्यांचा संच फुकट मिळे. शब्द तिथून आला. खेळाडूच्या तोंडावर तो कोणी वापरत नाही. क्लबातली सभ्यता ती एवढीच.

“नेरी, अजून किती वेळ?” अध्यक्ष रॉइस डन्स्टन आरशात टाय सारखा करत म्हणाले. क्लबात सगळेच एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत, त्यामुळे कोण कोणाला हाकलू शकतो हे विसरायला सोपं जाई. “मला बातम्यांत उभं राहायचंय. नव्या आघाडीवीराचा शर्ट इस्त्री करून ठेवलाय.”

“मल्केहीची सही बाकी आहे.”

“मग घेऊन ये की. सही मागतोय, किडनी नाही.”

“त्याचे शहाण्णव सामने झालेत, रॉइस. चार राहिलेत.”

“चार कशाला?”

अध्यक्षांनी हे विचारावं, याची नोंद नेरिडाने मनात करून ठेवली. हॉब्सनच्या कपडे बदलायच्या खोलीत कपाटांना जुन्या मैदानावरून आणलेले लाकडी दरवाजे होते, शर्टाच्या प्रत्येक क्रमांकाला एक. शंभरावा सामना झाला की आल्बी नावाचा पाट्या रंगवणारा म्हातारा येई आणि त्या क्रमांकाच्या दरवाज्यावर, आधीच्या नावांखाली, सोनेरी रंगात हाताने नाव लिही. शंभराच्या आत कोणाचंच नाव नाही, मग तो कितीही मोठा असो. शाळेच्या सहली ते दरवाजे पाहायला येत. ‘इथे नाव मिळवावं लागतं’ हे वाक्य क्लबाच्या प्रत्येक जाहिरातीत असे. गेल्या वर्षी तर ते कॉफीच्या कपांवरही छापलं होतं. एकतीस क्रमांकाच्या दरवाज्यावर चार नावं होती. त्यांच्यासमोर फर्गस नऊ वर्षं बुटांच्या नाड्या बांधत आला होता.

न्यूपोर्टमधल्या त्याच्या घरी ती पोचली तेव्हा तो पायरीवर बसून पोराच्या हेल्मेटला प्लास्टिकच्या पट्ट्या बांधत होता. त्या ताठ उभ्या पट्ट्यांना बिचकून वसंतातले मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालत नाहीत, अशी समजूत आहे. तीन वर्षांचा ओटिस बिनहेल्मेटचा, निधड्या छातीने सायकलवर बसला होता. खिडकीत फर्गसची बायको ब्रिडी उभी होती आणि तिच्यामागे रेडिओ दिवसभराचे सौदे सांगत होता.

“ये, नेरिडा,” फर्गस म्हणाला. “रेडिओवर माझी बदली झालीसुद्धा. ब्रिडी म्हणते, पर्थला सूर्य पाण्यात बुडतो, बघायला छान वाटतं. म्हटलं, मी बुडतोय तेवढं पुरे नाही का?”

“त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस,” ब्रिडी आतून ओरडली. “सकाळपासून असले सतरा विनोद मारून झालेत. एकही बरा नाही.”

“चहा घेतेस, की आधी गळा कापून मग?”

“चहा,” नेरिडा म्हणाली आणि पायरीवर त्याच्याशेजारी बसली.

गाडीत तिने वाक्यं जुळवली होती. ‘तू या सौद्याचा अविभाज्य भाग आहेस.’ ‘तुझ्या कारकिर्दीला नवं दालन.’ अशी वाक्यं क्लबात तयार मिळत. कापडाच्या ताग्यासारखी, हवी तेवढी फाडून घ्यावीत. फर्गसने शेवटची पट्टी ओढून घट्ट केली आणि मान वर न करता विचारलं, “एक सांग. मी कढई की सुऱ्या?”

आत रेडिओचा आवाज कमी झाला.

रोमच्या बाजारात माणसाच्या गळ्यात पाटी अडकवत आणि तिच्यावर खरं लिहावं लागे. नेरिडाने हे कितीतरी वर्षं शिकवलं होतं. परीक्षेत त्यावर प्रश्नही घातले होते.

“सुऱ्या,” ती म्हणाली.

“चांगल्या तरी?”

“धार आहे. मुठी जरा ढिल्या झाल्यात.”

तो मनापासून हसला. “गुडघ्याला मूठ म्हणणारी तू पहिलीच. बरं, राहिलो इथे, तर चार सामने मिळतील?”

या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर होतं: ‘जागेसाठी झगडावं लागेल.’ खोटं नव्हे, खरंही नव्हे. क्लबाच्या बहुतेक वाक्यांसारखं धुतलेलं.

“नाही,” नेरिडा म्हणाली. “प्रशिक्षकांनी मागच्या आठवड्यातच ठरवलंय. तुझ्या जागी पोरं खेळवायची. कोणी जखमी झालं तरच तुझा नंबर.”

“आणि पर्थला?”

“तिथे खेळशील. वीसेक सामने धरून चाल.”

“म्हणजे तिथे मैदान, इथे बाक.” फर्गसने हेल्मेट पोराच्या डोक्यावर बसवलं. साळिंदर झालेला ओटिस कुंपणाकडे सुसाट निघाला. “विचार करायला लावलंस. खरं बोललीस म्हणून.”

ब्रिडी चहा घेऊन बाहेर आली. “माझी मावशी आहे तिकडे,” ती कोणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली. “खोकी आणायची कुठून, तेही मी विचारून ठेवलंय.”

तेवढ्यात नेरिडाचा फोन वाजला. रॉइस.

“आहे का तो तिथे? स्पीकरवर घे. फर्गस, दोस्ता! ऐक, मला आत्ता कळलं तुझं ते चार सामन्यांचं. आधी बोलायचं नाही का? तू आज सही कर, उद्या सकाळी आल्बी येऊन तुझं नाव रंगवून टाकतो. फोटो काढू, पोराला घेऊन ये. शहाण्णव काय नि शंभर काय, दरवाज्याला कुठे मोजता येतं?”

कुंपणाजवळ ओटिस आपटला, उठला, रडायचं की नाही ते ठरवण्यासाठी बापाकडे पाहिलं. बापाचं लक्ष नव्हतं, म्हणून रडला नाही.

“मला येतं, रॉइस,” फर्गस म्हणाला.

“काय येतं?”

“मोजता.”

त्याने पुढे होऊन एका बोटाने फोन बंद केला. नेरिडाचा फोन होता, पण तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

“पाच मिनिटांपूर्वी सही केली असती,” तो म्हणाला. “खरंच. सौदा आहे, कळतं मला. मीही दुसऱ्या कोणाला ढकलूनच इथे आलो. पण तो दरवाजापण सुऱ्यांतच निघाला, तर मग नऊ वर्षं मी कशासमोर बसत होतो?” त्याने ब्रिडीकडे पाहिलं. तिने खांदे उडवले आणि त्याच्या कपात साखर घातली. “नाही, नेरिडा. सही नाही. बाकावर तर बाकावर. चार मिळाले तर मिळाले.”

गाडीत बसून तिने पर्थच्या किम रॅडिचला फोन लावला. मुदत संपायला थोडाच वेळ होता.

“मल्केही येत नाही. त्याच्याऐवजी पुढच्या वर्षीची दुसऱ्या फेरीची पाळी घे.”

“झालं!” किम म्हणाला. “बाई गं, हे सकाळी बोलली असतीस तर मी आज जेवलो तरी असतो.”

“तुम्हाला बचावपटू हवा होता ना?”

“आम्हाला? नाव तूच काढलंस. आम्ही म्हटलं, वर काहीतरी घाला. आमच्याकडे बचावपटू जिन्यात झोपतात, एवढे झालेत. त्याला आम्ही राखीव संघातच ठेवला असता.”

फोन ठेवल्यावर नेरिडा चालकाच्या जागेवर तशीच बसून राहिली. ते वीस सामने कुठून आले? कोणी कबूल केले नव्हते. तिने स्वतःच धरले होते, आपला तर्क जरा दयाळू दिसावा म्हणून. पाटी खरी लिहिल्याच्या समाधानात तिने पाटीच्या दुसऱ्या बाजूला धडधडीत थाप लिहिली होती. आणि ती थाप मारताना आपण खरं बोलतो आहोत याची तिला खात्री होती, हे त्यातलं सर्वांत विद्यापीठीय.

ती उतरून फाटकापर्यंत परत गेली. “फर्गस! पर्थचे वीस सामने माझ्या मनातले होते. तिथेही बाकच होता.”

तो सायकलची साखळी बसवत होता. “बरं झालं,” म्हणाला, आणि काळ्या झालेल्या हाताने तिला निरोप दिला.

बातम्यांत रॉइसनी आघाडीवीराचा शर्ट उंच धरला आणि क्लबाच्या परंपरेवर दोन मिनिटं बोलले.

पुढच्या हंगामात फर्गस राखीव संघातून खेळला, खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात, जिथे चेंडू लाथाडलेल्या जागीच परत येतो आणि प्रेक्षकांपेक्षा कुत्री जास्त असतात. मे महिन्यात एकाचं खुब्याचं हाड दुखावलं. फर्गसला एक सामना मिळाला. जुलैत दोन मिळाले. नव्व्याण्णव झाले. तेव्हा रिवाजाप्रमाणे आल्बी आला, दरवाज्यासमोर उभं राहून अक्षरांचं माप घेतलं आणि चार नावांखाली पेन्सिलीने दोन आडव्या रेघा मारून गेला. रंग शंभराव्यानंतर.

हंगामाची अखेरची फेरी आली तोवर हॉब्सनची बाद फेरीची आशा संपली होती. त्या सामन्याच्या निकालाने कोणाचंच काही बिघडणार नव्हतं, एका माणसाचं सोडून. प्रशिक्षकांनी अठरा वर्षांच्या एका पोराला घेतलं. ‘भविष्याला संधी’, असं क्लबाने कळवलं. नेरिडा प्रशिक्षकांच्या खोलीत गेली होती, बोललीही होती. संघ निवडणं तिच्या कामात बसत नाही, याची आठवण तिला अतिशय नम्रपणे करून देण्यात आली. ऑगस्ट सरता सरता फर्गसचं नाव क्लबाच्या खेळाडूंच्या यादीतूनच उतरलं.

प्रेक्षक भडकले. चार दिवस पत्रं आली, रेडिओवर फोन आले, आणि रॉइसना परंपरा पुन्हा आठवली: क्लब खास बाब म्हणून मल्केहीचं नाव रंगवणार, समारंभ करणार. निरोप नेरिडाने कळवायचा होता. तिने कळवला, शब्दाला शब्द, आपल्याकडचा एकही न घालता. फर्गस आता मेहुण्याबरोबर विजेच्या तारा ओढायच्या कामावर जात होता. त्याचं उत्तर दुपारच्या सुट्टीत आलं: ‘आल्बीला म्हणावं, ब्रश धुऊन ठेव.’

एकतीस क्रमांक नव्या पोराला द्यायचं ठरलं, तेव्हा पेन्सिलीच्या रेघा पुसायला दरवाजा घासून घ्यायचा प्रश्न निघाला. ते काम कोणी सांगायचं याविषयी क्लबात एकमत झालं नाही; नेरिडाने ते होऊ दिलं नाही.

मग पुन्हा ऑक्टोबर आला. किमचा फोन आला तेव्हा ती नेमकी कपडे बदलायच्या खोलीतून चालली होती. या वेळी पर्थला हॉब्सनचा एक मधल्या फळीचा खेळाडू हवा होता, आणि हॉब्सनला पर्थची निवडीची पाळी. जवळपास जमलंच होतं.

“जमलं समज,” किम म्हणाला. “वर काय देतेस?”

“वर काही नाही.”

“काहीतरी दे गं. एखादा जुना, यादीच्या तळाचा...”

“वर काही नाही, किम. आहे ते एवढंच. नको असेल तर राहू दे.”

पलीकडे तो कागद चाळू लागला. हिशेब करत असावा. नेरिडा फोन कानाशी धरून एकतीस नंबरच्या दरवाज्यापुढे थांबली. चार सोनेरी नावांखाली पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या, आणि त्यांच्यामध्ये कोरं लाकूड, एका नावाच्या बेताचं, अगदी नीट मोजलेलं.