पाय न टेकता

मानवजातीची सगळी प्रगती वेगातून झालेली आहे, याबद्दल विद्वानांत दुमत नाही. चाकाचा शोध लागला तोसुद्धा माणसाला कुठेतरी लवकर पोचायचं होतं म्हणूनच. लालबागच्या दत्तकृपा चाळीत मात्र दरवर्षी सत्यनारायणाच्या पूजेला ज्या सायकल शर्यती होत, त्यांत बक्षीस सगळ्यात शेवटी येणाऱ्याला मिळत असे.

हळू सायकल हा तो खेळ. चुन्याच्या दोन रेघांमधून सायकल चालवायची, जमेल तितकी हळू, पण पाय टेकायचा नाही. टेकला की बाद. या खेळात लहू गुणाजी धुरी हा लालबागपासून चिंचपोकळीपर्यंतचा अनभिषिक्त सम्राट होता. पेडलवर उभा राहून, हँडल नुसतं थरथरवत तो जागच्या जागी असा थांबायचा की पंचांना जांभई यायची. घरात फळीवर साबणाच्या डब्या, स्टीलचं ताट आणि गजराचं एक घड्याळ मांडून ठेवलेलं होतं. सगळं हळू चालल्याबद्दल मिळालेलं. घड्याळही हळूच चालायचं.

"जो मागे रवता तेका बक्षीस," त्याचा बाप गुणाजी म्हणायचा. "ह्यो खंयचो खेळ, मेल्या?"

गुणाजीने एकही शर्यत पाहिलेली नव्हती. तो गिरणीत साच्यावर कापड विणत होता, म्हणजे संप सुरू होईपर्यंत विणत होता. त्र्याऐंशीचा उन्हाळा आला तेव्हा संप मिटला असं कोणी म्हणत नव्हतं, आणि चालू आहे असं म्हणताना लोक आवाज जरा खाली आणत. खरं तर संप हीसुद्धा हळू सायकलच होती. जो आधी पाय टेकेल तो बाद. फरक इतकाच, की मालकांच्या सायकलला स्टँड होता.

लहूने नुकतीच बारावीची परीक्षा दिली होती. निकाल लागायचा होता, पण लहूला तो आधीच माहीत होता. तेव्हा काहीतरी कामधंदा बघणं आलं. नेमका त्याच उन्हाळ्यात तो पिक्चर लागला.

पिक्चरमध्ये लहानपणी ताटातूट झालेले दोन भाऊ होते, एक कुत्रा होता आणि एक हेलिकॉप्टर होतं. कुत्र्याला सगळं माहीत होतं, पण त्याला विचारायचं कोणालाच सुचत नव्हतं. एवढ्या भांडवलावर परळ-लालबागची पोरं वेडी झाली. सलूनवाले धाकट्या भावासारखे कान झाकणारे केस ठेवून देऊ लागले. ज्यांच्या घरी दोन वेळची चूल पेटायची पंचाईत, तेही कुठून कुठून तिकिटं काढून तिसऱ्यांदा जाऊन येत होते.

एवढी मागणी, आणि लालबागची प्रभाकर टॉकीज व नायगावची मनोरमा टॉकीज या दोघींना मिळून पिक्चरची प्रिंट एकच. मनोरमात खेळ आधी सुरू व्हायचा, प्रभाकरमध्ये जरा उशिरा. नायगावात एकेक रीळ दाखवून झालं की ते पत्र्याच्या डब्यात बंद करून सायकलने लालबागला आणायचं. म्हणजे पिक्चर दिवसभर रस्त्यावरच असायचा.

ही ने-आण जगदीश नावाचा एक पोरगा करत होता. जगदीशकडे वाकड्या हँडलची रेसर सायकल होती आणि वाऱ्यासारखा वेग होता. एका दुपारी परळ नाक्यावर समोर हातगाडी आली, त्याने करकचून ब्रेक मारला आणि पाय टेकला. मागे कॅरिअरवर डब्यांचं वजन. सायकल पुढून घोड्यासारखी उभी राहिली. डबे गडगडले आणि धाकट्या भावाचं प्रेमप्रकरण केळीवाल्यापासून पोलीस चौकीपर्यंत उलगडत गेलं. प्रभाकरचं पब्लिक अंधारात बसून राहिलं, आणि अंधारात बसून कंटाळा आल्यावर खुर्च्या तोडू लागलं.

दुसऱ्या दिवशी लहू प्रभाकरच्या मॅनेजरसमोर, वसंतरावांसमोर उभा राहिला.

"अनुभव काय?"

"हळू सायकलचा चॅम्पियन आहे."

वसंतरावांनी पंख्याकडे बघितलं. "मला रीळ पोचवायचंय. वरात नाही काढायची."

"जगदीश फास्टच होता ना, साहेब?"

वसंतरावांनी दाराबाहेर बघितलं. तिथे मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. "शनिवारपर्यंत ट्रायल," ते म्हणाले. "एकदा जरी पडदा काळा झाला, तर घरी. नाही झाला, तर कायम."

कायम हा शब्द धुरींच्या घरात देवाच्या नावासारखा घेतला जाई. गुणाजीची अर्धी जवानी बदली कामगार म्हणून गिरणीच्या गेटवर उभं राहण्यात गेली होती. कायम झाला त्या दिवशी त्याने चाळभर पेढे वाटले होते. म्हणून लहूने बातमी सांगितली तेव्हा तो सरसावून बसला.

"काम काय म्हणालंस?"

"रिळं न्यायची. सायकलवरून."

"ह्या काम न्हय," गुणाजी म्हणाला. "ह्यो पोस्टमन. तो पण पिक्चरचो." पण त्या रात्री त्याने सायकलच्या चेनला तेल घातलं, हे लहूला सकाळी चेनचा आवाज आला नाही तेव्हा कळलं.

आठवडा बरा गेला. कामात एकच खोट होती. लहूने तो पिक्चर पाहिलेला नव्हता. तो पडद्यावर असायचा तेव्हा लहू रस्त्यावर असायचा, आणि शेवटचं रीळ पोचवलं की पुढच्या खेळासाठी पहिली रिळं घेऊन नायगावला परत. दोघे भाऊ शेवटी भेटतात की नाही, हे अख्ख्या गिरणगावात फक्त त्यालाच ठाऊक नव्हतं. लोक रस्त्यात थांबवून त्याला पिक्चरबद्दल विचारायचे, आणि तो डब्यांकडे बोट दाखवायचा.

शनिवारी दुपारच्या खेळाची शेवटची दोन रिळं कॅरिअरला आवळून लहू नायगावातून निघाला, भोईवाड्यावरून परळला आला आणि मोर्च्यात शिरला. शिरला म्हणजे मोर्चाच त्याच्याभोवती आला. पुढे झेंडे, मागे झेंडे, एका बाजूला बंद दुकानांची फळकुटं, दुसऱ्या बाजूला पोलीस. मोर्चा लालबागकडेच चालला होता, पण मोर्च्याच्या वेगाने.

रेसरवाला असता तर इथे संपला असता. लहूच्या मात्र लक्षात आलं की हा आपलाच वेग आहे. त्याने पेडलवर वजन टाकलं, हँडल थरथरवलं आणि माणसांच्या रांगेत एखाद्या कार्यकर्त्यासारखा सरकू लागला.

"ए, उतर की खाली," कोणीतरी ओरडलं. "मोर्च्यात सायकल चालवतो? शेठ आहेस काय?"

"उतरता येत नाय, काका. पाय टेकला की डबे जातील."

"कसले डबे?"

हाच प्रश्न शेजारून चाललेल्या हवालदारालाही पडला. मोर्चा, सायकल आणि पत्र्याचे डबे अशा तीन गोष्टी एकत्र आल्या की हवालदाराला प्रश्न पडलाच पाहिजे. त्याने काठी आडवी धरली. "थांब. डब्यात काय आहे?"

लहू थांबला. पाय न टेकता थांबला. सायकल जागच्या जागी उभी, चाकं इंचभर पुढे, इंचभर मागे. "शेवट आहे," तो म्हणाला.

"कसला शेवट?"

"पिक्चरचा."

हवालदाराची काठी जरा खाली आली. "तो कुत्रावाला?" त्याने इकडेतिकडे बघितलं. "मनोरमात बघत होतो परवा. इंटरव्हलला बंदोबस्ताचा निरोप आला. भेटतात का रे शेवटी दोघे?"

"मी बघितला नाय, साहेब. मी नुसता आणतो."

तेवढ्यात गर्दीतून झेंड्याची एक काठी पुढे आली आणि तिच्यामागून गुणाजी. त्याने मुलाकडे बघितलं, डब्यांकडे बघितलं, मग जमिनीपासून वीतभर वर तरंगणाऱ्या त्या दोन पायांकडे बराच वेळ बघितलं. आयुष्यातली पहिलीच शर्यत तो बघत होता.

"पाय टेकू नको हां," तो म्हणाला. आणि मग गर्दीकडे वळून, साच्यांच्या खडखडाटात बोलून तयार झालेल्या आवाजात, "बाजूक व्हा रे. झील माझो. ट्रायलवर आसा. पाय टेकलो तर बाद."

ट्रायल म्हणजे काय, हे त्या मोर्च्यातल्या माणसांना समजावून सांगायची गरज नव्हती. शब्द पुढे पुढे गेला. सायकलपुढे हातभर वाट झाली आणि ती वाट सायकलबरोबर सरकू लागली. एका बाजूने गुणाजी, दुसऱ्या बाजूने हवालदार, पंचांसारखे दोघेही खाली बघत चालले होते. मग कोणा टवाळाने मागून आरोळी ठोकली:

"रीळ आमच्या हक्काचं!"

"नाही कुणाच्या बापाचं!" मोर्च्याने उत्तर दिलं. लहूचा बाप शेजारूनच चालला होता. सगळ्यात मोठा आवाज त्याचा होता.

प्रभाकर टॉकीजच्या आवारात लहू शिरला तेव्हा वसंतराव फाटकात उभे होते आणि त्यांचा सदरा ओला झाला होता. वेळ काढायला त्यांनी हेलिकॉप्टरवरचं गाणं पुन्हा लावलं होतं. पब्लिकने ते मागून घेऊन तिसऱ्यांदाही बघितलं होतं. पडदा काळा झाला नव्हता. ऑपरेटरने सायकलवरूनच डबे उचलले, आणि मगच लहूने पाय टेकला. फाटकाबाहेर शिट्ट्या वाजल्या.

"बरं, आता पांगा," वसंतराव म्हणाले.

"पांगा काय, शेठ?" मोर्च्यातून उत्तर आलं. "शेवट आम्ही आणलाय. बघून जाणार."

वसंतरावांनी खुर्च्यांचा विचार केला आणि दारं उघडली. पिक्चरचा आगापिछा ठाऊक नसलेली ती माणसं झेंडे गुंडाळून भिंतीला लागून उभी राहिली. दोघे भाऊ भेटले. पुऱ्या पैशांचं तिकीट काढून बसलेल्यांपेक्षा उभे असलेलेच जास्त रडले, आणि त्यात हवालदारही होता. गुणाजीने बाजूच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसून सांगितलं, "ह्या माझ्या झिलान आणलानी."

बाहेर वसंतरावांनी लहूच्या पाठीवर हात ठेवला. "सोमवारपासून कायम," ते म्हणाले. लहूने मान हलवली, पहिली रिळं कॅरिअरला बांधली आणि नायगावचा रस्ता धरला, कारण सहाचा खेळ सुरू व्हायचा होता. रिकाम्या रस्त्यावरून तो जन्मात पहिल्यांदा जोरात सायकल मारत गेला, असं पाहणारे सांगतात.

पुढच्या शुक्रवारी वितरकाने प्रभाकर टॉकीजला स्वतंत्र प्रिंट दिली. लहू कायम झालेला असल्यामुळे त्याला काढता येईना, म्हणून हातात बॅटरी देऊन त्याला बाल्कनीच्या दाराशी दोन्ही पाय टेकून उभं करण्यात आलं.