वर पाहा

मोबाईलच्या कव्हरला कॅमेऱ्याच्या जागी चौकोनी भोक होतं, आणि त्यातून संघप्रियाला चुलीपाशी बसलेल्या मायचा फक्त एक कान दिसत होता. भोक जरा हलवलं की कान जायचा आणि धूर यायचा, आणखी हलवलं की भिंतीवरची बाबासाहेबांच्या तसबिरीची कड... फोन त्यांनी नेला, कव्हर परत दिलं. 'हे राहू द्या, हे लागत नाही आम्हाला,' असं त्यांच्यातला चष्मेवाला किती अदबीनं म्हणाला होता. कव्हरच्या आत कॉलेजच्या बसचा पास तसाच होता, पासवरचा तिचा फोटो घामानं पुसट झालेला. पंधरवडा होत आला तरी हात अजून सवयीनं कव्हर उचलायचा, अंगठा रिकाम्या जागेवर फिरायचा, आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटायची.

कोणत्या खात्याचे होते ते, हे कोणी सांगितलं नाही. एक जण गणवेशात, बाकीचे साध्या कपड्यांत. जंगलातून ताडपत्री झाकलेलं काहीतरी त्यांनी ट्रकमध्ये चढवलं, ते अर्ध्या गावानं पाहिलं. मग ते घरोघर फिरले आणि 'ज्या मुलीनं व्हिडिओ काढला ती कोण' असं विचारत थेट दारात आले. बाबा हात जोडून म्हणाले होते, "सायेब, होतं तरी काय ते?" चष्मेवाला बाबांच्या सदऱ्याच्या गुंडीकडे बघत म्हणाला, "सांगता येत नाही." — एवढंच. पण किती दिवस झाले, ती त्या तीन शब्दांपाशी अडून बसली आहे. ठाऊक असून सांगता येत नाही, की ठाऊकच नाही? टीव्हीवर चार चौकटींत बसून चार माणसं रोज याच एका गोष्टीवर गळा फोडतात. एक म्हणतो निकामी उपग्रह होता, दुसरा म्हणतो परक्या देशाचं रॉकेट. तिसरा, कुर्तेवाला, म्हणतो की दुसऱ्या ग्रहावरचे लोक कधीपासून येत-जात आहेत आणि सरकारं ते दडपत आली आहेत. आणि चौघांच्या मागे तिचाच व्हिडिओ पुन्हा पुन्हा चालू असतो — मोहाचा शेंडा, जांभळं झालेलं आकाश, आणि त्यातून तुकडे होत जाणारी ती पेटती ओळ. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे ती, कुर्तेवाल्याला हसू शकली असती. हसू येत नाही.

व्हिडिओ एकदम सुरू होतो, हे आता लोकांच्या लक्षात आलं आहे. 'सुरुवात कुठे आहे?' 'सुरुवात का कापली?' 'सरकारनं कापली. काय लपवलंय सुरुवातीत?'

सुरुवात तिनं कापली होती. त्याच संध्याकाळी, बांधावरून घरी येता येता, अंगठ्यानं पिवळी कड सरकवली आणि ग्रुपवर टाकला, कारण सुरुवातीला बघण्यासारखं काही नव्हतंच... झाड होतं. झाडाखाली बाबा होते.

"चाय घे," माय म्हणाली. "काळीपिवळी चुकन नाईतं."

ती चहा प्यायली. चहाला धुराचा वास होता, की तिलाच आता सगळ्याला येतो, कोण जाणे. आगीनंतर कितीतरी दिवस गावभर जळक्या पाल्याचा वास होता आणि त्यात मोहाचा गोड वास मिसळलेला, मळमळायचं. दरसाल मोह पडायच्या आधी ज्याच्या त्याच्या झाडाखालचा पाला जाळतात. जमीन मोकळी झाली की पहाटे पडलेली पिवळी फुलं उठून दिसतात, आणि आजूबाजूच्या झुडपात वाघ बसला असेल तर तोही दिसतो. फॉरेस्टवाले दरसाल दवंडी देतात — पाला झाडून काढा, जाळू नका — आणि दरसाल सगळे माना डोलावतात अन् काडीपेटी खिशात घालून जातात. जाळायचं आणि पळसाच्या ओल्या फांदीनं बडवून विझवायचं, हे बाबांना त्यांच्या बापानं शिकवलं. त्यांच्या हातून कधी ठिणगीसुद्धा पुढे गेली नाही... गेली नव्हती.

त्या रात्री बाबांच्या झाडामागचं सगळं जंगल जळलं. हरिदासकाकाचे दोन्ही पाय भाजले. उन्हाळ्यापुरता आग विझवायला ठेवलेला मजूर तो, ओल्या फांद्या घेऊन सगळ्यांत पुढे पळाला. सकाळी फॉरेस्टचा नाकेदार आला, जंगलाच्या काठाचं झाड कोणाचं म्हणून विचारलं, आणि गुलाबच्या, म्हणजे बाबांच्या नावानं जंगल पेटवल्याचा गुन्हा दाखल झाला. बाबा तेव्हापासून एकच सांगताहेत, नाकेदाराला, सरपंचाला, पारावर, बिनफोनच्या आपल्या लेकीसमोर: "आग वरतून आली. माह्या पोरीच्या फोनात सारं आहे. सरकारनं तो फोन दाखवावा, मंग दिसन कोनाची आग होती ते."

खोटं बोलताहेत असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नाही, हेच तर अवघड आहे. मायला एकदा हळूच म्हणाले होते, "मी विझवली होती वं." तेही खरं असेल. ट्रकमध्ये ताडपत्रीखाली काहीतरी होतंच, ते आकाशातून तापून जंगलात पडलं असेल, त्यामुळंच जंगलानं पेट घेतला असेल — का नाही घेणार? भौतिकशास्त्राला काही अडचण नाही. पण रोज संध्याकाळी वंदनेला बसलं की खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलापाशी, 'मुसावादा वेरमणी'पाशी बाबांचा आवाज आता पूर्वीपेक्षा चढतो, आणि तिचे नुसते ओठ हलतात.

बाबा पांढरा सदरा घालून थांब्यापर्यंत सोबत आले. ब्रह्मपुरीला नागपूरचा चॅनेलवाला येणार होता, राजदीप नावाचा, शेजाऱ्यांच्या फोनवर त्यानं दोनदा निरोप दिला होता. बाबा काही ब्रह्मपुरीला यायला तयार नव्हते. "मी आलो तं म्हनतीन, सोताची कातडी वाचवून राह्यला. तू जाय. शिकेल आहेस. काही लपवू नोको, सारं सांग." काळीपिवळी आली, तिच्यात आधीच मुंग्यांसारखी माणसं भरलेली, बाबांनी ड्रायव्हरला 'पोरीले पुढं बसव' म्हणून सांगितलं, आणि गाडी वळेपर्यंत उभे राहिले.

सारं सांग. पुढच्या काचेतून रस्ता येत राहिला, धानाच्या बांध्या, मग सागाची निष्पर्ण झाडं, मग पुन्हा बांध्या, आणि तिच्या डोळ्यांपुढे तो कापलेला भाग चालू राहिला, जो पृथ्वीवर आता दोनच ठिकाणी आहे, कुठल्यातरी कचेरीच्या कपाटात आणि तिच्या डोक्यात. बाबा वाकलेले. पायाशी पाल्याची आग, गुडघ्याइतकीसुद्धा नाही. फांदी वर जाते, खाली येते. आग बसते, धूर उठतो, धुराच्या मुळाशी एक तांबडी रेघ अजून सरपटतेय, आणि बाबा तिच्याकडे वळलेत, फांदी उचललीय... तेवढ्यात आवाज येतो. माझाच. 'बाबा, ते राहू द्या, वर पाहा! वर पाहा ना!' बाबा सरळ होतात. एका हातात फांदी, दुसरा कपाळावर आडवा. मग कॅमेरा त्यांना सोडून वर जातो, आणि त्यानंतर त्या रेघेचं काय झालं हे कॅमेऱ्याला ठाऊक नाही, मला ठाऊक नाही, बाबांना...? आम्ही बांधाकडे पळालो. सगळं गाव पळालं. म्हाताऱ्यांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या माना वर, आणि खाली बघायला कोणी म्हणून उरलं नाही.

राजदीप चांगला मुलगा होता. त्यानं तिला पाणी दिलं, सावलीत उभं केलं, कानात बटण बसवताना 'ताई, घाबरू नका' म्हणाला. कॉलेजच्या फाटकापाशी पोरं जमली होती. कानात चार चौकटींचा कालवा सुरू झाला आणि मग एकदम तिचं नाव आलं.

"संघप्रिया, तुमच्या व्हिडिओची सुरुवात गायब आहे. मूळ व्हिडिओ यापेक्षा मोठा होता?"

"हो," ती म्हणाली. "मूळ मोठा होता."

यात खोटं काय होतं? काहीच नाही. कानात लगेच भडका उडाला — ऐका, ऐका, मुलगी स्वतः सांगतेय! — आणि सरकारनं कात्री चालवली हे आता ठरूनच गेलं. ती 'मीच' असं म्हणायला तोंड उघडणार होती, निदान तिला नंतर तसं वाटलं. पण तिकडे कुर्तेवाला तिला वाघीण म्हणत होता, आणि तिला बाबांचा पांढरा सदरा आठवला.

"मग मूळ व्हिडिओ जसाच्या तसा जनतेसमोर यावा, हीच तुमची मागणी आहे ना?"

"हो."

तो 'हो' जरा वेळानं कानातल्या बटणातून परत आला, बारीक, पत्र्यावर आपटल्यासारखा, आणि तो दुसऱ्याच कोणाचा तरी आहे असं वाटून ती दचकली. मी हो म्हटलं. मी दुसरं काय म्हणणार होते? फोन परत नको, असं? लोक म्हणाले असते, का गं बाई?

"आपण त्यांना दाखवायला भाग पाडू," राजदीप वायर गुंडाळत म्हणाला.

"नाही दाखवलं तर?"

"दाखवतील. लोक आता सोडत नाहीत." तो धीर देत होता बिचारा.

परतीच्या काळीपिवळीत तिला मागची जागा मिळाली. गाडी सुटता सुटता दवाखान्याच्या नाक्यावर वच्छलामावशी चढली, हरिदासकाकाची बायको, रिकामा डबा पिशवीत, आणि सरकत सरकत नेमकी तिच्याच शेजारी येऊन बसली. संघप्रियाला उतरून जावंसं वाटलं. ऊन कलत होतं. मावशीनं पदरानं तोंड पुसलं, डब्याचं झाकण घट्ट केलं.

"पाह्यलं तुले आज," ती मग म्हणाली. "सिस्टरनं मोबाईलवर लावून देल्लं. त्यायनंबी पाह्यलं, पडल्या पडल्या."

"कसे आहेत काका?"

"पाय आहेत म्हनते डाक्टर. चालता येईन का नाई, ते पुढं समजन." मावशीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाई, एक विचारतो. रागानं नाई विचारून राह्यली. गुलाबभाऊले मी आजची ओळखतो का? पन त्यायले झोप नाई. रातभर तेच तेच बोलते. म्हनते, आग झाडाकडून आली, मोहाच्या खालून. मी म्हनतो, तुमच्या डोळ्यात धूर होता, तुमाले का समजन? तू होतीस तिथी. आग वरतूनच आली ना? तू म्हनशीन तेच मी त्यायले सांगतो. कोनी सांगतलं म्हंजे झोपतीन ते."

गुडघ्यावरचा हात गरम होता आणि त्याला दवाखान्याच्या साबणाचा वास होता. हो म्हणावं... काका झोपतील. नाही म्हणावं... काका तरीही झोपतील, आणि बाबा? आणि खरं तर हो की नाही, हे मला कुठे ठाऊक आहे? मला फक्त ती रेघ ठाऊक आहे, आणि माझा आवाज. तिनं वर बघितलं. मावशीच्या डोळ्यांत बघवेना म्हणून तिची नजर खाली घसरली आणि मावशीच्या पोलक्याच्या गुंडीवर थांबली.

"सांगता येत नाही, मावशी," ती म्हणाली.

शब्द सुटले आणि तिला तो चष्मेवाला आठवला. पंधरवडाभर ज्या एका गोष्टीसाठी तिनं डोकं आपटलं — त्याला ठाऊक होतं, की ठाऊक नव्हतं — ती इतकी सोपी होती. त्याला ठाऊकही नव्हतं आणि तो लपवतही होता. दोन्ही एकाच तोंडात मावतं. तिला त्याचा राग आणता येईना. तिला वाटलं, कपाटाला चांगलं कुलूप असू दे. जे कोणी असतील त्यांनी ते उघडू नये, लोकांनी कितीही ओरडावं, बाबांनी कितीही हात जोडावेत. आणि असं वाटलं म्हणून तिला रडू फुटलं.

"रडू नोको वं," मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "एवढ्या मोठ्या सायेब लोकायले नाई समजलं, तं तुले का समजन? सांगतो मी त्यायले. कोनालेच नाई समजलं म्हनतो."

गावाचं वळण आलं. कव्हर तिच्या मुठीत घामानं ओलं झालं होतं. समोर थांब्यावर पांढरा सदरा दिसला. बाबा मावळतीकडे तोंड करून उभे होते, हात कपाळावर आडवा, येणाऱ्या गाडीकडे डोळे लावून, त्या कापलेल्या तुकड्यात शेवटी उभे राहिले होते अगदी तसेच. काय सांगितलंस, विचारतील. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, पुढची माणसं उतरू लागली, आणि गाडी इथं न थांबता तशीच धानोऱ्याकडे, कुठंही, जात राहिली असती तर बरं झालं असतं, असं वाटत ती पायातली चप्पल शोधत राहिली.