बिननाकाची गाडी

घरात नवी गाडी यायची म्हटलं की आपल्याकडं सगळ्यात आधी काय ठरतं, सांगा बरं? कुणाला कुठं जायचंय, ते ठरत नाही. घरात माणसं किती, त्यांत म्हातारी किती, तेही कुणी विचारत नाही. पाहुण्यांच्या दारात उभी केल्यावर ती कशी दिसेल, एवढं मात्र पहिल्या दिवशीच ठरतं! जळकोटच्या शंभुलिंगअप्पांच्या घरी अगदी असंच चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर तुम्हाआम्हाला त्यांना हसायचा फारसा अधिकार नाही.

अप्पांचं हायवेला लागून बी-बियाणं आणि खताचं दुकान. माणूस सरळ, बोलायला गोड, सकाळी कपाळाला विभूती लावल्याशिवाय दुकानाचं शटर न उघडणारा. पंधरा वर्षं वापरलेली जीप त्यांनी यंदा विकून टाकली आणि नवी गाडी घ्यायचं काढलं. मनात एकच भरली होती. उंच, रुंद, डिझेलची, पुढं भलीमोठी चकचकीत जाळी असलेली. तामलवाडीचे त्यांचे साडू गौरीशंकर यांनी तसलीच घेतली होती. ती घेऊन ते जळकोटला आले, तेव्हा घरात चहा निवत होता आणि हे बाहेर अर्धा तास गाडीला टेकून उभे. अप्पांना ते लई झोंबलं होतं.

अप्पांच्या बायकोचं, श्रीदेवीचं मत वेगळं होतं. दुकानाचा अर्धा भार तीच उचलायची, त्यामुळं तिच्या मताला घरात वजन होतं, पण नवऱ्याची हौस आडवी आली की ते वजन कुठं जायचं कुणास ठाऊक. तिनं सोलापुरात विजेवर चालणारी एक छोटी गाडी बघून ठेवली होती. दुकानाच्या छतावर सोलर बसवून दोन वर्षं झाली, गाडी घरच्या घरी चार्ज होईल, असं तिचं म्हणणं. निदान बघून तरी या, असा तिनं धोशा लावला, तेव्हा अप्पा एकदाचे गेले.

गेले, आणि गाडीच्या समोर जाऊन उभे राहिले. बघतात तर काय, पुढं जाळीच नाही! सरळ गुळगुळीत पत्रा, दोन बाजूंना दोन बारीक दिवे. बास. अप्पांनी आत डोकावलंसुद्धा नाही. परत आले आणि चहाच्या टपरीवर सांगत सुटले, की ह्या नव्या गाड्यांना नाकच नसतं. त्या दिवसापासून जळकोटात त्या गाडीचं नाव पडलं, बिननाकाची गाडी.

श्रीदेवीनं पुन्हा विषय काढला तेव्हा अप्पांनी तो एका वाक्यात मिटवला.

"आपल्या घराला गावात नाक हाय. बिननाकाची गाडी दारात उभी करून म्या ते कापून घेऊ व्हय?"

आता ह्या घरातलं तिसरं माणूस. अप्पांची आई, इरम्मा. वय अठ्ठ्याहत्तर, जीभ तिखट, गुडघे मात्र पार गेलेले. तिची थोरली बहीण लक्ष्मम्मा बेंबळीला राहायची. वाट तास-सव्वा तासाची, पण दोघी बहिणी तीन वर्षांत भेटल्या नव्हत्या. एकदा जीपमध्ये चढवताना दोन गड्यांनी इरम्माला काखेत धरून वर उचललं, लुगडं दारात अडकलं, आणि समोरच्या ओट्यावर कुणीतरी फिसकन हसलं. त्या दिवशी म्हातारीनं सांगून टाकलं, आता मला चौघांनी उचलायचं ते एकदाच. तेव्हापासून ती गाडीत बसली नव्हती. महिन्याला शेंगाची चटणी स्वतः उखळात कुटायची, डबा कुणाच्या तरी हाती बेंबळीला पाठवायची, आणि रोज संध्याकाळी फोनवर दोघी मोठमोठ्यानं कानडीत बोलायच्या. अलीकडं लक्ष्मम्माची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. थोडंफार दिसतंय तोवर एकदा तोंड दाखवून जा, एवढंच ती फोनवर म्हणायची. आणि इरम्मा दर वेळी म्हणायची, येते की, गुडघा जरा बसू दे.

रविवारी डिझेलची गाडी दाखवायला अप्पांच्या दारात आली. काय तिचा थाट! समोरच्या जाळीत अख्खी गल्ली दिसत होती. अप्पांनी मुद्दाम बलभीम मेस्त्रींना बोलावून घेतलं होतं. हायवेवर तीस वर्षं डिझेलच्या गाड्या दुरुस्त केलेला माणूस. त्याचा होकार मिळाला की श्रीदेवीचं तोंड आपोआप बंद होईल, असा अप्पांचा हिशेब.

मेस्त्रींनी बॉनेट उघडलं, कान लावून इंजिन ऐकलं, मान डोलावली. इंजिन झकास आहे म्हणाले. अप्पा खूश. त्या खुशीत त्यांनी आईला हाक मारली. म्हणाले, अव्वा, ये, पहिल्यांदा तू बस.

इरम्मा काठी टेकत आली. तिनं गाडीकडं वर बघितलं. गाडीला पायरी होती, पण ती पायरीच म्हातारीच्या गुडघ्याच्या वर. अप्पांनी आतून पाट आणून ठेवला. तिनं पाटावर एक पाय दिला, दाराच्या मुठीला लोंबकळून दुसरा उचलायला बघितला, पण गुडघा दुमडेना. गाडीबरोबर आलेला शोरूमचा माणूस मदतीला पुढं झाला तशी ती झटकन मागं सरली. आजूबाजूला बघितलं, पदर सावरला.

"चांगली हाय बाबा," ती म्हणाली. "तुम्ही जावा बेंबळीला. लक्ष्मम्माला म्हणावं, अव्वानं इथनंच हात जोडलेत."

आणि काठी टेकत आत गेली. अप्पांनी पाट उचलून भिंतीला लावला आणि मेस्त्रींना विचारलं, मग, घ्यायची ना?

बलभीम मेस्त्री हात पुसत होते. त्यांनी उलट विचारलं, की ही गाडी कुणासाठी घेताय? घरासाठी, अप्पा म्हणाले. मग घरातलं एक माणूस आत्ता आत निघून गेलं, ते दिसलं न्हाय का, असं मेस्त्रींनी विचारलं. अप्पांनी आपलं शेवटचं हत्यार काढलं. ते खरं हो मेस्त्री, पण त्या दुसरीला तर नाकच न्हाय.

मेस्त्री हसले नाहीत.

"अप्पा, नाक कशाला असतंय? श्वास घ्यायला. ह्या गाडीच्या पोटात इंजिन जळतंय, तापतंय, म्हणून तिला वारा लागतो, म्हणून पुढं जाळी. त्या गाडीत जळायलाच काय न्हाय. तिला कशाला पायजे एवढं नाक? आणि पोटात धुराची नळी न्हाय म्हणून तिचा तळ सपाट. बाज घालावी तसा. वर गाडी बुटकी, माणूस खुर्चीत बसल्यागत बसतंय. तुम्ही तिला फक्त समोरून बघून आलात. दार उघडलंत का?"

अप्पांनी नाही म्हणून मान हलवली.

मेस्त्री सगळं खरं सांगणारा माणूस. त्यांनी उणंही सांगितलं. तेवढ्याच आकाराची पेट्रोलची गाडी स्वस्त पडते, विजेच्या गाडीला सुरुवातीला पैसा जास्त घालावा लागतो. रोज पुण्याला पळायचं असतं तर म्याच नको म्हणलो असतो, म्हणाले. पण अप्पांचं जाणं-येणं सोलापूर, तुळजापूर, बेंबळी एवढंच. एरवी दिवसभर दुकानापाशी उभी राहणारी गाडी. ह्या डिझेलच्या निम्म्या किमतीत ती दारात येईल, आणि छतावर ऊन तर रोजचंच आहे. शेवटी जाता जाता एक बोलले. समद्यांनी तसल्या गाड्या घेतल्या तर माझं गॅरेज बंद पडंल अप्पा, तरी सांगतोय.

हे मात्र अप्पांना लागलं. ज्याचं पोट डिझेलवर, तो माणूस हे सांगतोय! त्या रात्री त्यांनी श्रीदेवीला हळूच विचारलं, की तुझ्या त्या सोलापूरवाल्यांचा नंबर आहे का. नंबर तर होताच, शिवाय तिनं मंगळवारी गाडी दाखवायला बोलावूनही ठेवली होती. बायका अशा वेळी नवऱ्याच्या होकाराची वाट बघत बसल्या असत्या, तर कुठल्याच घरात काही चांगलं झालं नसतं.

मंगळवारी छोटी गाडी आली. ह्या खेपेला अप्पा समोर गेलेच नाहीत, बाजूला गेले. दार उघडलं. ते चांगलं ऐसपैस उघडलं. इरम्मा यायला तयार नव्हती, श्रीदेवीनं कशीबशी आणली. म्हातारीनं गाडीकडं संशयानं बघितलं, पाठ वळवली, हातानं सीट चाचपली आणि बसली. मग एक पाय आत घेतला. मग दुसरा.

झालं! ना पाट, ना गडी, ना कुणाचा हात. इरम्मा स्वतःच चकित होऊन इकडंतिकडं बघायला लागली. अप्पा पटकन पुढं बसले, शोरूमच्या माणसानं गाडी काढली. गल्ली संपली, मारुतीचं देऊळ मागं पडलं, गाडी हायवेला लागली, तरी इंजिनाची घरघर कुठंच नाही, आणि मागनं म्हातारीचा आवाज आला.

"आरं, गाडी चालू करा की आता. किती वेळ उगं बसायचं?"

अप्पा हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. तीन वर्षं आई घरात बसून होती, आणि आपण गाडीच्या नाकाकडं बघत होतो!

वीस दिवसांनी गाडी घरी आली. पूजेला गल्ली जमली, साडू गौरीशंकरही आले. विभूती लागली, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. श्रीदेवीनं झेंडूची माळ पुढं केली आणि तिथं घोळ झाला. आपल्याकडं नव्या गाडीची माळ समोरच्या जाळीला बांधतात. इथं जाळीच नाही. माळ बांधायची कुठं? हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. दोनदा पत्र्यावर ठेवली, दोनदा घसरली.

गौरीशंकरना तेवढंच हवं होतं. सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, की साडू, नाक असतं तर माळ अडकली असती की हो. लोक हसले.

महिन्यापूर्वीचे अप्पा असते तर तोंड पाडून घरात गेले असते. त्यांनी श्रीदेवीच्या हातातली माळ घेतली, मागचं दार उघडलं आणि आत बसलेल्या आईच्या गळ्यात घातली.

"आमच्या घराचं नाक आत बसलंय, साडू," अप्पा म्हणाले. "समोर शोधू नका."

बलभीम मेस्त्रींनी मान खाली घालून उगीच चाकाला हात लावून बघितला. थोड्या वेळानं, सगळे प्रसादाकडं वळल्यावर, गौरीशंकर एकटेच गाडीच्या उघड्या दाराशी उभे होते. सीटपासून जमिनीपर्यंत हातानं वीत मोजत होते. त्यांच्याही घरी आई होती, आणि तिलाही त्या उंच गाडीत चढता येत नव्हतं.

त्याच दुपारी इरम्मा बेंबळीला गेली. मांडीवर चटणीचा डबा, गळ्यातली माळ तिनं काढू दिली नव्हती. पूर्वी लक्ष्मम्माला जीपचा आवाज वेशीपासून ऐकू यायचा. आज कसलाच आवाज आला नाही. ती आपली ओट्यावर बसून डोळ्यांवर हात धरून समोर बघत होती. समोर काहीतरी पिवळंधमक हललं. बाईमाणूस होतं, काठी टेकत आपल्या पायांनी येत होतं.

"अक्का, बंदे," इरम्मा म्हणाली. आले.

लक्ष्मम्मानं आधी झेंडू चाचपला. मग दोन्ही हातांनी बहिणीचं तोंड जवळ ओढलं, आपल्या डोळ्यांपाशी आणलं, आणि बराच वेळ बघत राहिली.

मंडळी, गाडी विजेवर घ्या, डिझेलवर घ्या, ज्याची त्याची गरज आणि ज्याचा त्याचा खिसा. पण घ्यायला जाल तेव्हा समोर उभं राहून लोकांच्या डोळ्यांनी तिच्याकडं बघू नका. दार उघडा आणि घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला आधी बसवून बघा. ते सुखानं बसलं, तर ती गाडी तुमच्या घरची.