खाटेवरच्या माणसाचं सोंग

फाल्गुन उतरला की बालाघाटाचे डोंगर पेटतात. पळस लाल, ऊन पिवळं, वारा धुळीनं सोनेरी. सगळी सृष्टीच जणू रंग फासून गावोगाव हिंडायला निघालेली. आणि त्याच फाल्गुनात, पत्र्याच्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून लिंबाजी बहुरूपी पडून होता. रंगावाचून. शब्दावाचून.

कसला बहुरूपी होता तो! वाघ झाला, तर गावची कुत्री आठवडाभर भुंकायचं विसरली. फौजदार झाला, तर खरा फौजदार खाडकन उठून त्याच्याकडंच रजा मागू लागला. शंकर झाला, तेव्हा तर म्हणे नदीनं वाट वाकडी केली, जटेत शिरायला! यातलं निम्मं खरं. कुठलं निम्मं, ते विचारू नये.

मग ऐन थंडीत एका पहाटे अर्धं अंग गेलं. उरल्या अर्ध्यात उजवा हात तेवढा कामाचा राहिला. सगळ्या जगाची रूपं ल्यालेला माणूस, स्वतःच्या रूपाला नको झाला. बोलणं सोडलं. आता तर पेजेचा चमचा जवळ आला की ओठ मिटायचे, घट्ट, कवाडासारखे.

लेक पुण्याहून आली होती, रेणुका. संगणकावरचे खेळ घडवायची. तिच्या नव्या खेळात शत्रू नव्हता, हार नव्हती, जीत नव्हती. त्यात नुसतं व्हायचं. मुंगी व्हायचं, दगड व्हायचं, ढग व्हायचं, तारा व्हायचं. बटण दाबलं की एकातून दुसऱ्यात. तिनं पडदा भिंतीला टेकवला, बापाच्या नजरेपुढं, आणि बटणांची मूठ त्याच्या उजव्या हातात दिली.

दारातून गया आत्या म्हणाली, "दवाखान्यानं न्हाई उठला, अन् बटणानं उठंल व्हय गं?"

"उठू नका, आबा. नुसतं व्हा."

बराच वेळ अंगठा हलला नाही. मग हलला. लिंबाजी मुंगी झाला. गवताचं पातं ताडाएवढं, दवाचा थेंब तळ्याएवढा. मग दगड झाला. आणि दगडातच राहिला.

पडद्यावर दिवस उगवले, मावळले. पाऊस आला, शेवाळ आलं, शेवाळ वाळलं. दगड तसाच.

"बटण दाबा ना, आबा. पुढं चला."

दगड तसाच.

"निजला बघ," आत्या पुटपुटली. रेणुका मूठ काढून घ्यायला वाकली, आणि तिला दिसलं: बापाचे ओठ हलत होते.

"रजा... घेतो... म्हाराज."

बहुरूप्यांची रीतच ती. सोंग उतरवायचं, तर आधी सोंगाची रजा घ्यायची. ज्याच्या रूपानं भाकरी दिली, त्याला असंच टाकून जायचं नाही. लेकीनं घडवलेल्या जगात उडी होती, निरोप नव्हता. म्हणून लिंबाजी थांबला होता, दगडानं हो म्हणेपर्यंत. मुंगीनं चटकन हो म्हटलं होतं; दगड फार सावकाश बोलतो.

मग ढगाची रजा घेतली, डोंगराची घेतली, तारा झाला. खाली पृथ्वी मोहरीएवढी. तिथून तो उतरत आला, निळ्यातून, धुक्यातून, पळसाच्या ज्वाळांतून. गावावर, पत्र्यावर, पत्र्याखालच्या खाटेवर. खाटेवर एक वाळकं माणूस.

"ह्यो कोण?"

"तुम्हीच. मी काढलाय."

"नगं गं. लई सोंगं केली, ह्याचं जमायचं न्हाई. ह्याला भूक बी लागंना."

"कशी लागंल, आबा? आत कुणी न्हाईच त्याच्या."

अंगठा थांबला. खोलीतलं ऊन थांबलं. आत्यानं पदर तोंडाला लावला.

अंगठा खाली गेला.

आणि त्या माणसाच्या डोळ्यांतून लिंबाजीनं पाहिलं. पडद्यातल्या खाटेशेजारी एक मुलगी बसलेली, जागरणानं डोळे सुजलेली. मुंगी होता तेव्हा ती दिसली नव्हती, एवढी मोठी. तारा होता तेव्हा दिसली नव्हती, एवढी लहान. अवघ्या ब्रह्मांडात ही एकच जागा होती, ही एकच खाट, जिथून लेक लेकीएवढी दिसत होती.

लिंबाजीनं पडद्यावरून मान वळवली. हळू, जड, आख्खा डोंगर वळावा तशी.

"रेणे, पेज आन."

पेज आली. वाफ चढली, पांढरी, पातळ, थरथरती. आणि त्या वाफेआड, ना लाली, ना काजळ, ना मिशी, ना जटा. एक तोंड उघडलं, सुरकुतलेलं, वाकडं, उपाशी, त्याचं स्वतःचं.