सभासद आर्नी कोस्केला

सकाळची कॉफी झाली की वायोला कोस्केला नवऱ्याची ईमेल उघडून बसायची. नवरा म्हणजे आर्नी. तो जाऊन चार हिवाळे झाले होते, पण त्याच्या नावाने येणारी पत्रं पुरती थांबली नव्हती, आणि ती थांबू नयेत याची वायोला डोळ्यांत तेल घालून काळजी घेत होती. बँकेने त्याचं नाव काढलं, मासेमारीचा परवाना देणाऱ्यांनी काढलं, चर्चने तर महिन्याभरातच काढलं. राहता राहिली वीज संस्था. तिला वायोलाने काही कळवलंच नव्हतं.

त्यामुळे पाइन फॉर्क वीज सहकारी संस्थेच्या दफ्तरात आर्नी अजून धडधाकट होता. दर महिन्याला बिलाची मेल यायची आणि वर लिहिलेलं असायचं, ‘सभासद आर्नी कोस्केला यांस’. तेवढी ओळ वाचली की दारात कुणीतरी येऊन ‘आर्नी आहे का घरात?’ म्हणून विचारतंय असं तिला वाटायचं. बिलाचा आकडा ती मागाहून बघायची.

संस्थेचं ऑफिस तासाभराच्या वाटेवर होतं, गावातल्या बातम्या तिथवर पोचत नसत. कधी तिथून फोन आलाच तर वायोला सांगायची, “आर्नी गॅरेजमध्ये आहे.” चार वर्षं हा माणूस गॅरेजमध्ये करतोय तरी काय, असं कुणी विचारलं नाही. अमेरिकेत, मिनेसोटाच्या उत्तरेकडल्या नवऱ्यांबद्दल तसं कुणी विचारतही नाही.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी मात्र आलेली मेल वेगळी होती. वर संस्थेचं पाइनचं झाड होतं, रंगही तोच हिरवा. खाली मजकूर होता, ‘प्रिय ग्राहक आर्नी कोस्केला, तुमचा भरणा नाकारला गेला आहे. आज पाच वाजता तुमची वीज तोडण्यात येईल. टाळण्यासाठी इथे दाबा.’

वायोला घाबरली नाही. उलट तिला हसूच फुटलं.

ग्राहक! आर्नीला कुणी ग्राहक म्हटलं असतं तर त्याने त्या माणसाला उभं आडवं घेतलं असतं. संस्थेची वार्षिक सभा शाळेच्या जिममध्ये भरायची, लोखंडी घडीच्या खुर्च्यांवर बसून लोक हॅम सँडविच खायचे, आणि एका वर्षी नवा मॅनेजर भाषणात ‘आपले ग्राहक’ म्हणून गेला. आर्नी सँडविच हातात तसंच धरून उभा राहिला. “ग्राहक दुकानात असतात, साहेब. इथे बसलेत ते मालक. या संस्थेच्या खांबांसाठी माझ्या बापाने स्वतः खड्डे खणलेत.” मॅनेजर पार ओशाळला. त्यानंतर संस्थेतून निघालेल्या एकाही कागदावर तो शब्द दिसला नाही.

तिने पाठवणाऱ्याचा पत्ता नीट पाहिला. सुरुवात संस्थेच्या नावाने होती आणि शेपटीला भलतीच अक्षरं जोडलेली होती. चोरांचंच काम होतं हे.

“ऐकलंस का, तुला ग्राहक म्हणतायत,” ती रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली. त्याने चिडून काहीतरी बोलावं असं तिला फार फार वाटलं.

तेवढ्यात पलीकडच्या घरातून डार्लीनचा फोन आला. तिचा नवरा वॉली आजारी असायचा.

“वायोला, आज पाचला लाइट तोडणार म्हणतायत गं! वॉलीचं ऑक्सिजनचं मशीन चालू आहे, मी काय करू?”

“कार्ड कुठेय तुझं?”

“हातात. अर्धे आकडे टाकून झालेत.”

“ते आधी पर्समध्ये ठेव. आणि ते पान बंद कर. हे पत्र आपल्या संस्थेचं नाही.”

“अगं, झाड आहे की वर.”

“झाड कुणीही चिकटवेल. पाठवणाऱ्याचा पत्ता बघितलास का शेवटपर्यंत? आणि तुला ग्राहक म्हटलंय. आपल्याकडे कुणी म्हणतं का तसं? बरं, ऐन थंडीत एक फोनसुद्धा न करता आपली संस्था कुणाच्या तारा तोडायला येईल? आणि तेही वॉलीच्या?”

डार्लीनचा जीव भांड्यात पडला. मग ती म्हणाली, “अगदी आर्नीसारखी बोललीस.”

वायोलाने ती रिकामी खुर्ची टेबलाशी सरकवली.

“ऑफिसला कळव हं लगेच,” डार्लीन म्हणाली. “घरोघर गेली असणार ही मेल. माझ्या बहिणीला, लीनाला तर कुणी काही मागायचा अवकाश, ती देऊन मोकळी होते.”

“तूच कळव ना.”

“कशी कळवू? तू बोलत होतीस तेव्हा घाबरून पुसून टाकली मी ती. दाखवायला माझ्याकडे काही नाही आता. तुझ्याकडे आहे ना?”

होती. वायोलाने फोन ठेवला आणि वेलदोड्याच्या पावाचं पीठ मळायला घेतलं. पीठ मळलं, झाकलं, पुन्हा उघडून मळलं. कळवायचं म्हणजे ऑफिसवाले खातं उघडून बघणार. सभासदाशी बोलायचंय म्हणणार. आणि ही भानगड काही गॅरेजच्या थापेवर निभावण्यातली नव्हती. एकदा खरं सांगितलं की तिथलंही नाव जाणार, आणि मग आर्नीला त्याच्या नावाने हाक मारणारं एकही दार उरणार नाही. तिला ते नको होतं. अजिबात नको होतं.

पण अर्धे आकडे टाकून थांबलेली डार्लीन काही डोळ्यांसमोरून हलेना. डार्लीनला निदान फोन करायला शेजारीण होती. रानात एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी कुणाला फोन करावा?

तिने पिठाचे हात पुसले आणि ऑफिसला फोन लावला. फोन शेली नावाच्या बाईने उचलला.

“मी वायोला कोस्केला. तुमच्या नावाने खोटी मेल फिरतेय,” वायोलाने सांगितलं. “आज वीज तोडणार म्हणून पैसे मागतायत.”

“बरं झालं सांगितलंत. पुसली नाहीत ना? आहे तशी मला पाठवा, मी पत्ता देते. आणि त्यातलं काही दाबू नका. खातं कुणाच्या नावावर आहे?”

“आर्नी कोस्केला.”

“ते आहेत का जवळ? दोन मिनिटं बोलायचं होतं.”

गॅरेज ओठांवर आलं होतं. खिडकीतून ते दिसतही होतं, दाराला कमरेइतका बर्फ.

“आर्नी वारला,” वायोला म्हणाली.

हे वाक्य याआधी तिने कुणाजवळ उच्चारलं नव्हतं. लोकांना आपोआप कळलं होतं, नाहीतर मुलीने सांगितलं होतं.

“वाईट वाटलं ऐकून,” शेली म्हणाली. “केव्हा?”

“झाली चार वर्षं. मी कळवलं नाही तुम्हाला.”

“असू दे. पण वायोला, चोरांकडे त्यांचं नाव गेलंय. ते खातं आता मला बंदच करावं लागेल. तुमच्या नावाने नवं उघडून देते.”

“वार्षिक सभेपर्यंत राहू दिलं तर चालणार नाही का? जूनमध्येच तर आहे.”

“मला करता आलं असतं तर केलं असतं हो.”

“ठीक आहे,” वायोला म्हणाली. “कर.”

तासाभरात संस्थेने सगळ्या सभासदांना सावध करणारी मेल धाडली, फोनही केले. लीनाने तोवर कार्ड शोधायला घेतलं होतं, सापडलं मात्र नव्हतं. डार्लीनने संध्याकाळी येऊन वायोलाला मिठी मारली आणि अर्धा पाव खाऊन गेली.

पुढच्या महिन्याचं बिल आलं, वर ‘सभासद वायोला कोस्केला यांस’. तिने ते भरलं. आकड्याशिवाय त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात, आर्नीच्या पत्त्यावर, चोरांची दुसरी मेल आली. ‘प्रिय आर्नी कोस्केला.’ या खेपेला ‘ग्राहक’ गाळलं होतं, पत्त्याची शेपटी मात्र तशीच होती. जगात आर्नीला पत्र लिहिणारे आता एवढेच उरले होते. वायोलाने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, चष्मा पुसून आणखी एकदा वाचली. मग तिने ती मेल शेलीला पाठवायला घेतली, आणि वर दोन ओळी लिहिल्या.

‘ही पण खोटी आहे. त्यात खरं आहे ते फक्त नाव.’