तळ दिसला तेव्हा

भाईंदर पूर्वेच्या गोडदेवला चारही बाजूंनी इमारती उठल्या, तरी नीलेशच्या घरामागचं तळं टिकून होतं. त्याच्या वडिलांनी, धर्माजींनी, नारळांना पाणी द्यायला ते खणलेलं. एका खोलीएवढं लांबरुंद, पुरुषभर खोल. घरचा दीड दिवसाचा गणपती तिथेच जायचा. २००७च्या श्रावणात मात्र पाणी इतकं हिरवं झालं की बुडवलेली कळशी दिसेना.

"यंदा खाडीवर नेऊ," नीलेश म्हणाला.

"तुज्या बापानं तळं कशाला खनलं मग?" मनोरमाबाईंनी लेकाला विचारलं. "माजा गनपती टेंपोत बसून जानार न्हाय."

"आई, पाणी बघ की."

"घान हाय तर साफ कर. येळ हाय अजून."

तोडगा काढला त्याच्या बायकोने, मिनलने: फिल्टर बसवायचा. भाईंदर पश्चिमेला रंगीत माशांच्या दुकानात दोघं गेली. दुकानदाराने दोन खोकी पुढे ठेवली. एकात नुसता स्पंज, दुसऱ्यात स्पंजाच्या जोडीला दिव्याची निळी नळी.

"भाभी, पानी हरा है ना? स्पंज कचरा पकडेगा, हरापन नहीं. वो तो आरपार निकल जाता है. लाइटवाला लो, वो काई को मार देता है."

"तल दिखेगा?" मिनलने विचारलं.

"सिक्का गिरा तो वो भी दिखेगा."

नीलेशला स्पंजवाला पुरेसा वाटत होता. मिनलने दिव्याचाच घ्यायला लावला.

पंप तळ्यात, खोकं काठावर. भारनियमनात तो बंद पडे, वीज आली की पुन्हा घुरघुरे. सुरुवातीला काहीच फरक दिसेना. "दिवा तर लावलास पान्याला, आता आरती पन कर," मनोरमाबाई चिडवत. मग पाण्याचा रंग उतरू लागला.

चतुर्थी जवळ आली होती. सकाळी भांडी घेऊन मागे गेलेली मिनल किंचाळली. नीलेश तोंडात ब्रश धरूनच धावला.

तळाशी कोणीतरी बसलं होतं.

गणपती होते. सहा. एक कुशीवर पडलेला, दोन एकमेकांवर रेललेले, बाकीचे ताठ. रंग गेला होता. पांढऱ्या तोंडांवर डोळ्यांच्या काळ्या रेघा शाबूत होत्या. एकाच्या मोडलेल्या हातातून काथ्या बाहेर आला होता.

धर्माजी असेपर्यंत शाडूची मूर्ती यायची. ते गेल्यावर नीलेश स्टेशनजवळच्या मांडवातून प्लास्टरची आणू लागला. हलकी, चकचकीत, मोटरसायकलवर मांडीत मावणारी. ती गढूळ पाण्यात दिसेनाशी व्हायची. विरघळली, असं सगळ्यांनी धरलं. मनोरमाबाई काठची चिमूटभर माती पाटावर घालून घरात परतायच्या.

आता त्या काठावर आल्या. एकेक मूर्ती निरखली. मग बोट दाखवलं. "त्यो लोडाला टेकलेला. तू पयल्यांदा आनलास, त्यो."

"आई, प्लास्टर आहे ते. मला वाटलं..."

"दरवर्षी आपन 'लवकर या' म्हनून वरडलो. ह्ये गेलंच न्हाय रे. हितं खाली बसलेलं, आन् आपन घरात दुसरा बसवला."

नीलेशचा हात पंपाच्या बटणाकडे गेला.

"राऊ दे चालू. झाकू नको."

"मांडवात मूर्ती सांगून ठेवलीये," मिनल हळूच म्हणाली.

"न्हाय आनायची. आदी ह्यांना वर काडा. कुटं न्यायचं त्ये इचारा कुनाला तरी."

पाट घासून उन्हात ठेवला होता. मनोरमाबाईंनी तो उचलला, आत नेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा केला.